मिसाळ बाईंचा ओळखपाठ

"खटके बाई, चिठ्ठी उचला," असं म्हणत बेडकिहाळ सरांनी स्टीलचा डबा माझ्यापुढे धरला.

डब्यात एकच चिठ्ठी उरली होती. तरी सरांनी झाकण लावून डबा खुळखुळवला, मग उघडला आणि मान दुसरीकडे वळवली. आमच्या विभागात नियम म्हणजे नियम. मीही डोळे मिटून हात घातला, जणू आत पन्नास चिठ्ठ्या होत्या, आणि उलगडून वाचलं : डॉ. शकुंतला मिसाळ.

"गेलीस तू," शेजारी उभी असलेली दीपाली ओहोळ माझ्या कानात पुटपुटली. "त्यांची सगळी माहिती म्हणे अर्ध्या पानात मावते."

दीपालीला डॉ. वझे मिळाल्या होत्या. त्यांचा परिचय चांगला सात पानांचा. तिसरे डॉ. मुजावर, ते नामदेव नावाच्या एका मुलाकडे गेले होते. नऊ वर्षांनी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात नवे प्राध्यापक येणार होते, एकदम तीन. त्यामुळे सगळा विभाग हरखून गेला होता. सभागृहाला रंग दिला होता, मोडक्या खुर्च्या कुठे कुठे लपवून झाल्या होत्या आणि आम्ही बी.एड.चे ऐंशी जण ओळखपाठ कुणाच्या वाट्याला येतो याचीच चर्चा करत होतो. ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, पण त्या आठवड्यातली धडधड मला अजून जशीच्या तशी आठवते.

ओळखपाठ ही आमच्या विभागाची जुनी पद्धत. तिथे नव्या प्राध्यापकाचा हारतुऱ्यांनी सत्कार होत नसे. त्याच्या पदव्यांची यादीही कुणी वाचून दाखवत नसे. बी.एड.च्या एका विद्यार्थ्यानं त्या प्राध्यापकावर वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा. अगदी शाळेत घेतात तसा, टाचण काढून, फळा वापरून, साहित्य दाखवून आणि शेवटी वर्गाला तीन प्रश्न विचारून. नव्या प्राध्यापकानं शेवटच्या बाकावर विद्यार्थी म्हणून बसायचं. विद्यार्थ्यासारखा हात वर करायची त्याला मुभा. पाठ घेणाऱ्यानं मात्र त्याला आधी भेटायचं नाही, फोन करायचा नाही. माहिती काढायची ती कागदांतून आणि ग्रंथालयातून. ज्यांनी ही पद्धत सुरू केली त्यांना लांबलचक भाषणांचा तिटकारा होता असं सांगतात, आणि आमची एकेक जुनी मंडळी पाहता तो का आला असेल हे मला नीट समजत होतं.

बाकीचे गेल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं.

"बसा. तुमचे दोन पाठ मी परत घ्यायला लावले. का ते माहीत आहे ना?"

"हो सर."

"आशय उत्तम. फळ्यावरचं अक्षर तर छापल्यासारखं. पण मुलांनी काही विचारलं की तुम्ही गोठता. त्या सातवीतल्या मुलीनं काय विचारलं होतं?"

"पाणी शंभर अंशाला उकळतं तर कुकरमध्ये किती अंशाला उकळतं, असं."

"तुम्हाला उत्तर येत नव्हतं?"

"येत होतं, सर. पण तो प्रश्न माझ्या टाचणात नव्हता."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "मुलांचे प्रश्न टाचणात नसतातच, बाई. हे बघा, हा ओळखपाठ मी तुमचा शेवटचा पाठ म्हणून धरतो. जमला तर वर्ष पार. नाही जमला तर पुढच्या जूनमध्ये परत प्रवेश घ्या."

पुढचा जून मला परवडणारा नव्हता. करमाळ्याजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत गणित-विज्ञानाची एक जागा होती आणि हेडमास्तरांनी ती माझ्यासाठी अडवून धरली होती. "जूनच्या पंधरापर्यंत थांबतो, पोरी. त्यापुढं संस्था मला थांबू द्यायची नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. मी ज्या वर्गात बसून शिकले त्याच वर्गात उभं राहून शिकवायचं, हे माझं आठवीपासूनचं ठरलेलं. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट आता एका पाठावर येऊन अडकली होती.

मिसाळ बाईंची फाइल खरोखरच अर्ध्या पानाची निघाली. जन्म बीड जिल्ह्यातला, शिक्षण, पीएच.डी. आणि अनुभवाच्या रकान्यात एवढंच : साखरशाळा, आठ वर्षे. साखरशाळा म्हणजे कारखान्याच्या आवारात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामापुरती भरणारी शाळा, एवढं मला माहीत होतं. पण एवढ्या मजकुरावर वीस मिनिटं काढायची म्हणजे मला मध्ये भजन म्हणावं लागलं असतं.

दोन दिवस मी ग्रंथालयात धूळ खात बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी एका शैक्षणिक मासिकाच्या जुन्या गठ्ठ्यात लेख सापडला. 'मोळी सोडून वजाबाकी', आणि खाली नाव शकुंतला मिसाळ. माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली की समोर पेंगणारे एक संशोधक दचकून सरळ झाले. लेख होताही तसाच सुंदर. हाताला लागतील त्या काड्यांच्या दहादहाच्या मोळ्या बांधायच्या. मोळी म्हणजे दशक, सुटी काडी म्हणजे एकक. वजा करताना सुट्या काड्या कमी पडल्या की एक मोळी सोडायची. ज्या मुलांचे आईबाप दिवसभर उसाच्या मोळ्या बांधत, त्या मुलांना हे एका सकाळीत कळलं, असं लेखात लिहिलं होतं.

मी चौदा पानांचं टाचण काढलं. रसवंतीवाल्याकडून बारीक बारीक ऊस मागून आणले आणि सुतळीनं त्यांची एक मोळी बांधली. आणि मग सगळं पाठ करायला बसले. वसतिगृहाच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत मी म्हणत असे आणि दीपाली टाचण धरून तपासत असे.

"हे कंसात काय लिहिलंयस?" तिनं एकदा विचारलं. "'इथे श्वास घ्यावा'?"

"मग? नाहीतर मी पळत सुटते."

"अगं ए जयमाले, श्वास पण लिहून ठेवायचा असतो होय? मेल्यावर काय करशील, टाचण नाही म्हणून परत उठशील?"

तिला हसू आवरेना. मी मात्र पुढच्या पानावरही तसाच कंस घातला, कारण तिथलं वाक्य लांब होतं.

शनिवारी सकाळी दहाला सभागृह गच्च भरलं. बेडकिहाळ सर कोपऱ्यातल्या टेबलाशी निरीक्षणाचं पत्रक घेऊन बसले होते. शेवटच्या बाकावर तिघं नवे. उंच आणि गोरटेले मुजावर सर, चष्मा केसांत खोचलेल्या वझे मॅडम आणि कडेला एक बुटक्याशा, सावळ्या बाई. त्यांच्या अंगावर निळी सुती साडी होती आणि मांडीवर पिशवी. दोन्ही हातांनी ती पिशवी त्यांनी अशी घट्ट धरली होती की एसटीतून उतरायचं ठिकाण जवळ आलंय असं वाटावं. याच मिसाळ बाई, हे मी ओळखलं.

नामदेवचा पाठ बरा झाला. दीपालीनं तर धमाल उडवून दिली. वझे मॅडम सहावीत गणितात नापास झाल्या होत्या हे तिनं कुठून शोधून काढलं देव जाणे, पण टाळ्या थांबेनात. मॅडम स्वतः डोळे पुसत हसत होत्या. मग सरांनी माझं नाव पुकारलं.

पहिलं वाक्य आपोआप आलं. मग दुसरं. मी फळ्यावर 'मोळी सोडून वजाबाकी' असं लिहिलं, खाली बाईंचं नाव लिहिलं. सगळं रुळावरच्या गाडीसारखं चाललं होतं. सहा मिनिटं झाली असतील. मी म्हणत होते, "तर विद्यार्थी मित्रहो, आपल्या नव्या बाईंनी या लेखात स्वतःचा अनुभव मांडला आहे," आणि शेवटच्या बाकावरून एक हात वर आला.

त्या पाठात हात वर येणं मी धरलंच नव्हतं.

"बोला," मी म्हणाले.

मिसाळ बाई उभ्या राहिल्या. आवाज बारीक पण स्वच्छ होता. "बाई, हे चूक आहे. हा लेख माझा नाही."

माझ्या टाचणाची तिसऱ्या पानापासूनची बारा पानं त्या लेखावर उभी होती. मिसाळ आडनावाच्या शकुंतला जगात दुसऱ्या कुणी नसतील असं मी का धरून चालले? मासिकात पत्ता दिला होता का, मी पाहिला होता का? दीपालीनं डोळे मिटून घेतले होते. सरांनी पेन उचललं होतं आणि ते अजून टेकवलं नव्हतं. मी खाली टाचणाकडे बघितलं. पुढचं वाक्य आता खोटं होतं, त्यापुढचंही. त्या पानावर खरं असं एकच उरलं होतं, 'इथे श्वास घ्यावा'. तेवढं मी केलं.

"मग खरं काय आहे?" मी विचारलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"ते तुम्ही शिकवणार ना, बाई?" असं म्हणून त्या खाली बसल्या.

सगळे हसले. आणि मला राग आला. असा राग मला त्या खोलीत कधी आला नव्हता. माझं वर्ष चाललं होतं, गावची जागा चालली होती आणि ही बाई मला विचारत होती की तुम्ही शिकवणार ना. मी डस्टर उचललं आणि फळा वरपासून खालपर्यंत पुसून टाकला.

"ठीक आहे," मी वर्गाला म्हणाले. "मला विषयाची काही माहिती नाही. तुम्हालाही नाही. पण विषय स्वतःच वर्गात येऊन बसलाय. त्याला सोडायचं नाही. एकेकानं एक प्रश्न विचारायचा. पदवी, पुरस्कार आणि प्रबंध यांबद्दल कुणी विचारलं तर त्याला बाहेर काढीन. बाई, उभ्या राहा."

बाई उभ्या राहिल्या. मग नामदेवनं हात वर केला. "साखरशाळा संपल्यावर मुलं कुठं जायची?"

"आपापल्या गावी. पुढच्या हंगामात दुसऱ्याच कारखान्यावर."

"म्हणजे परत तुमच्याकडं नाही?"

"आठ वर्षांत तीन मुलं परत आली. तिन्ही एकाच घरची."

मी फळ्यावर लिहिलं : आठ वर्षे, तीन मुले. लिहिताना माझं अक्षर वाकडं गेलं आणि मी ते पुसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मग उद्या काय शिकवायचं हे कसं ठरवायचात?"

"ठरवत नव्हते," बाई म्हणाल्या. "सकाळी कोण आलंय ते बघायचं. कुणी रात्रीच टोळीबरोबर निघून गेलेलं असायचं, कुणी नवं आलेलं असायचं. जे समोर आहेत त्यांना काय येतंय ते आधी विचारायचं. तिथून पुढं."

"आणि काहीच येत नसलं तर?" हे मी विचारलं. कुणाच्या टाचणात नसलेला प्रश्न, आणि तो माझ्याच तोंडून आला होता.

"असं मूल मला भेटलं नाही, बाई. सहा वर्षांच्या पोरीला पण बैलाचं वय सांगता यायचं. दात बघून."

आता हात भराभर वर यायला लागले. माझी नुसती तारांबळ उडाली. कुणाला बोलवू, काय लिहू, कुणाला थांबवू. शाळा कसली होती? पाचटाची, उसाच्या वाळक्या पाल्याची. पाऊस आला तर? सुट्टी. पोरं भांडायची का? फार, पाटीसाठी. तुम्ही कुठं राहायचात? त्यांच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, शेजारच्या कोपीत. कुणीतरी मागून विचारलं, "तुम्ही त्यांना शिकवलंत, त्यांनी तुम्हाला काय शिकवलं?" आणि बाईंची नजर माझ्या टेबलावरच्या उसाच्या मोळीवर गेली.

"मोळी बांधायला," त्या म्हणाल्या. "आणि तुमची ती मोळी, बाई, गाडीपर्यंत सुद्धा जायची नाही."

"का?"

"सुतळीनं बांधतात होय मोळी? वाढ्यानं बांधतात."

"मग या पुढं आणि दाखवा."

बाई पिशवी बाकावर ठेवून पुढे आल्या. उसांच्या शेंड्यांना हिरवी पानं अजून होती. वाढं म्हणतात ते हेच. ते त्यांनी हातात धरून सपकन पिळलं, मोळीखालून घेतलं आणि गुडघा टेकवून अशी गाठ मारली की मी ती ओढून पाहिली तरी हलेना. पुढच्या तीन रांगा उठून टेबलाभोवती आल्या. मुजावर सर बाकावर उभे राहून बघत होते. मी कुणालाच बसा म्हटलं नाही. मला तिथे उभं राहण्यात इतका आनंद होत होता की माझे गाल दुखायला लागले होते. आपण हसतोय हे त्यावरूनच मला कळलं.

"शेवटचा प्रश्न," मी घड्याळ बघून म्हणाले. वीस मिनिटं केव्हाच उलटली होती.

दीपालीनं विचारलं, "आता आम्हाला शिकवायचंय. कसं वाटतंय?"

बाईंनी हात पदराला पुसले. "खरं सांगू? भीती वाटते. मोठ्या माणसांना मी कधी शिकवलं नाही. तुम्ही ऐंशी जण एकदम माझ्याकडं बघता, तर मला घाम फुटलाय."

मी वर्गाला तीन प्रश्न विचारले. तिन्ही तिथल्या तिथे सुचलेले. उत्तरं एका सुरात आली. मग टाळ्या. मी टाचण उचललं तेव्हा ते तिसऱ्याच पानावर उघडं होतं.

सर उठले. टाळ्या थांबल्या.

"गेल्या कित्येक वर्षांत मी इतका जिवंत वर्ग पाहिला नाही," ते म्हणाले. मला वाटलं, झालं. जमलं. "पण," सर पुढे म्हणाले, "ओळख करून द्यायची आणि माणूसच चुकायचा? दुसऱ्या कुणाचा लेख या बाईंच्या नावावर, न तपासता. पाठाचा पायाच चूक. आशयात मूलभूत चूक असेल तर पाठ परत, हा नियम मी केलेला नाही, पण तो मला पाळावा लागतो. खटके बाई, मला खरंच वाईट वाटतंय."

ते सरांना खरंच वाटत होतं, त्यामुळे मला आणखीच रडू आलं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. जूनच्या पंधरा तारखेला आमच्या शाळेच्या त्या वर्गात दुसरंच कुणीतरी जाऊन उभं राहणार होतं.

"सर," मागून बारीक, स्वच्छ आवाज आला. मिसाळ बाई पुन्हा आपल्या जागेवर गेल्या होत्या आणि त्यांनी हात वर केला होता. "लेख माझाच आहे."

सर पुढे झुकले. "काय म्हणालात?"

"मोळी सोडून वजाबाकी. मीच लिहिलाय. बाईंची काही चूक नाही. मी खोटं बोलले."

सभागृहात एकच कुजबुज उठली. सरांनी टेबलावर पेन आपटून ती शांत केली. "तुम्ही आज सकाळी साडेनऊला रुजू झालात, बाई. अजून बारा वाजायचेत."

"हो सर."

"कारण?"

"त्यांना तो लेख माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. माझे स्वल्पविराम सुद्धा त्यांनी घेतले होते." बाई घाबरल्या होत्या. त्यांनी पुन्हा पिशवी हातात घेतली होती. पण त्या थांबल्या नाहीत. "मी ऐकत होते आणि मला वाटलं, हे असंच चाललं तर वीस मिनिटांनी टाळ्या पडतील, आणि या मुलीला शिकवता येतं का ते कुणालाच कळणार नाही. तिला पण नाही. म्हणून हात वर केला."

मी वळले. "माझं वर्ष गेलं असतं, बाई," मी म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. "हा माझा शेवटचा पाठ होता. गावी माझी जागा धरून ठेवलीय."

त्यांचा चेहरा उतरला. "ते मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माहीत असतं तर एवढं धाडस झालं नसतं माझ्याच्यानं."

त्या क्षणी मला त्यांना मिठी मारावी असंही वाटत होतं आणि ओरडावं असंही. दोन्ही खरं होतं. सरांनी पत्रकाकडे पाहिलं. मग त्यांनी ते उलटं ठेवलं आणि खुर्चीत मागे रेलून बसले.

"खटके बाई, वर्ग अजून तुमच्या ताब्यात आहे," ते म्हणाले. "एक विद्यार्थिनी भर वर्गात खोटं बोलली. शिक्षिका म्हणून तुम्ही काय कराल?"

ऐंशी डोकी माझ्याकडे वळली. मला उत्तर शोधावं लागलं नाही.

"गृहपाठ देईन, सर."

"द्या."

"मिसाळ बाई, सोमवारी याच वेळी तुम्ही तो लेख इथे शिकवायचा. आम्हा सगळ्यांना. टाचण आणायचं नाही."

"सोमवारी?" बाईंच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं. पण तोवर वर्गानं बाकं बडवायला सुरुवात केली होती. सरांनी पत्रक सरळ केलं, खाली सही ठोकली आणि माझ्याकडे सरकवलं. 'पाठ मान्य' एवढेच दोन शब्द होते. मी ते पत्रक दीपालीच्या हातात दिलं आणि पायऱ्यांवर जाऊन बसले.

सोमवारी बसायला जागा नव्हती. दुसऱ्या विभागांतलेही लोक येऊन भिंतींना टेकून उभे होते. मी शेवटच्या बाकावर, परवा बाई बसल्या होत्या त्या जागी जाऊन बसले. बाई आल्या. टेबलावर त्यांनी बारीक काड्यांच्या चार मोळ्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. फळ्याकडे वळून लिहिलं : ४२ वजा १७. आणि मग त्या वर्गाकडे वळल्या.

वळल्या आणि उभ्याच राहिल्या. खडू हातात, नजर आमच्यावर, आणि शब्द नाही. मला ते गोठणं दुरूनही ओळखू आलं. सातवीच्या वर्गात माझं असंच झालं होतं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. कुणीतरी खोकलं.

"कुणाला... कुणाला येतंय?" बाईंनी कसंबसं विचारलं.

एकही हात वर आला नाही. पदवी घेतलेल्या ऐंशी माणसांपैकी बेचाळीसातून सतरा वजा करायला हात कोण वर करणार? उलट जो तो आपल्याकडे बोट येऊ नये म्हणून खाली बघायला लागला.

मी हात वर केला.

"बोला, बाई."

मी उभी राहिले आणि म्हणाले, "पस्तीस."

सगळा वर्ग गर्रकन वळला. दीपाली तर माझ्याकडे मला वेड लागल्यासारखी बघायला लागली.

"दोनातून सात जात नाहीत," मी म्हणाले, "म्हणून मी सातातूनच दोन घालवले. राहिले पाच. आणि चारातून एक गेला, राहिले तीन. पस्तीस."

दुसरीतली पोरं हमखास करतात ती चूक. बाईंनी ती आठ वर्षांत किती वेळा ऐकली असेल, हजार वेळा तरी. सभागृह खो खो हसत होतं, पण त्या हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी खडू ठेवून दिला, काड्या ओंजळीत घेतल्या आणि दोन रांगांमधून वाट काढत थेट माझ्या बाकापाशी आल्या.

"असं होय?" त्या म्हणाल्या. आवाज आता पार मागच्या भिंतीपर्यंत जात होता. "बरं. या बघ बेचाळीस काड्या. यातल्या सतरा मला दे."

"सुट्या तर दोनच आहेत, बाई."

"मग? काय करशील?"

मी एक मोळी हातात घेतली आणि सोडायला लागले. गाठ वाढ्याची होती, पक्की बसलेली, काही केल्या सुटेना, आणि ती कशी सोडायची हे सांगायला सगळा वर्ग बाकं सोडून आमच्याभोवती गोळा झाला.